ताठरलेल्या पावलांना वाट दाखवणारी बर्टा

लहान मुलांच्या फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला बोबाथ हे आडनाव टाळता येत नाही. मुंबई-पुण्यातल्या बालोपचार केंद्रांतून ‘एनडीटी’ या तीन अक्षरांनी ओळखली जाणारी पद्धत मूळची बोबाथ दाम्पत्याची. एनडीटी म्हणजे न्यूरोडेव्हलपमेंटल ट्रीटमेंट. पती कारेल डॉक्टर होते, मात्र ही पद्धत पत्नीच्या हातांतून जन्मली. त्या वेळी बर्टा बोबाथ यांच्याकडे फिजिओथेरपीची पदवीही नव्हती.

बर्टा यांचा जन्म १९०७ साली बर्लिनमध्ये झाला. माहेरचे आडनाव बुसे. त्यांनी तेथील अ‍ॅना हेरमान यांच्या संस्थेत व्यायामशिक्षण घेतले आणि पुढे तेथेच शिकवलेही. या संस्थेत कसरतींपेक्षा शरीराची हालचाल कशी घडते, कोणता भाग सैल सोडला की दुसरा भाग मोकळा होतो, याच्या निरीक्षणावर भर असे. हिटलरच्या राजवटीत ज्यू वंशाच्या असंख्य कुटुंबांप्रमाणे बर्टा यांनाही देश सोडावा लागला. बर्लिन आणि प्राग येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेले कारेल बोबाथही याच वावटळीत लंडनला पोहोचले. १९४१ मध्ये तेथे दोघांचा विवाह झाला. परक्या देशात, महायुद्धाच्या धामधुमीत या निर्वासित जोडप्याने संसार मांडला.

चाळीसच्या दशकात बर्टा यांच्याकडे सायमन एल्वेस हे नामवंत व्यक्तिचित्रकार रुग्ण म्हणून आले. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी झाली होती. चित्रकाराचा उजवा हात गेला, म्हणजे सारेच गेले! पुढे एल्वेस डाव्या हाताने चित्रे काढायला शिकले, ही गोष्ट वेगळी. अशा रुग्णाचा ताठरलेला हात ओढून-ताणून सरळ करावा आणि धडधाकट बाजूला दुबळ्या बाजूचे काम शिकवावे, अशी त्या काळची रीत होती. बर्टा यांनी तसे केले नाही. खांदा, मान आणि धड यांची ठेवण बदलली की हाताचा ताठरपणा आपोआप उतरतो, हे त्यांच्या व्यायामशिक्षिकेच्या नजरेने टिपले. ताठरपणा ही दगडावरची रेघ नसून तो बदलता येतो, हा त्यांच्या दृष्टीने मोठाच शोध होता.

हेच निरीक्षण त्यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांकडे नेले. त्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची स्थिती ध्यानात घ्यायला हवी. फिजिओथेरपीचे शिक्षण तेव्हा बव्हंशी पोलिओभोवती फिरत होते. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५२ मध्ये या विषयाची देशातील पहिली शाळा सुरू झाली, त्यामागेही पोलिओचीच निकड होती. पण पोलिओत स्नायू लुळा पडतो, तर सेरेब्रल पाल्सीच्या बहुसंख्य मुलांत तो ताठ होतो. दोष स्नायूत नसून मेंदूत असतो. एकेक स्नायू बळकट करण्याची पोलिओची पद्धत येथे गैरलागू ठरते. तरीही या मुलांच्या वाट्याला लोखंडी पट्ट्या आणि शस्त्रक्रिया येत. अनेकांबाबत तर काहीच होणार नाही, असे गृहीत धरले जाई.

बर्टा यांच्या हाताखाली या मुलांचे आखडलेले पाय सैल होत. पण ते का होतात, हे त्यांना सांगता येत नव्हते. ते काम कारेल यांनी अंगावर घेतले. शेरिंग्टन, माग्नुस यांच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरील संशोधनात त्यांनी पत्नीच्या अनुभवाचे स्पष्टीकरण शोधले. हात बर्टांचे आणि शास्त्र कारेल यांचे, अशी ही वाटणी आयुष्यभर टिकली. केवळ अनुभवावर वैद्यकविश्व विश्वास ठेवणार नाही, हे ओळखून बर्टा यांनी चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी होऊन १९५० मध्ये फिजिओथेरपिस्टची रीतसर पात्रता मिळवली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये दाम्पत्याने सेरेब्रल पाल्सीचे केंद्र उघडले. तेच पुढे बोबाथ केंद्र म्हणून जगाला माहीत झाले.

येथील शिक्षणाची तऱ्हा वेगळी होती. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आधीच पात्र ठरलेल्या फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञांसाठी असे. खरे मूल समोर असे आणि त्याला हाताळतच शिकावे लागे. स्वित्झर्लंडमधील डॉ. एल्सबेथ क्योंग आणि मेरी क्विंटन यांनी ही पद्धत अगदी तान्ह्या बाळांपर्यंत नेली. मुलाला उचलावे कसे, भरवावे कसे, कपडे कसे घालावेत, हे आईबापांना समजावणारे नॅन्सी फिनी यांचे १९६८ मधील पुस्तकही याच परंपरेतले. दिवसातला एखादा तास थेरपिस्टचा, बाकीचा दिवस आईचा, हे गणित त्यामागे होते.

बर्टा यांचा मोठेपणा मात्र आणखी एका गोष्टीत आहे. त्यांनी आपली पद्धत वारंवार मोडली. सुरुवातीला त्या मुलाला ताठरपणा उतरवणाऱ्या स्थितीत स्थिर ठेवत. स्नायू सैल होत, पण मूल निश्चल राही आणि उठून काहीच करू शकत नसे. हे दिसताच त्यांनी खांदे, कंबर अशा मोजक्या ठिकाणांहून आधार देत हालचाल घडवण्याकडे मोर्चा वळवला. पुढे मुलाने आधी पालथे पडावे, मग रांगावे, मग उभे राहावे, हा विकासाचा क्रम काटेकोरपणे पाळण्याचा आग्रहही त्यांनी सोडला. उपचाराच्या खोलीतली प्रगती घरच्या व्यवहारात पुरेशी उतरत नाही, ही कबुली या दाम्पत्याने उतारवयात दिली. स्वतःच्या नावाने जगभर शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीविषयी असे म्हणायला धैर्य लागते. शिष्यांपैकी सर्वांनाच ते साधले असे नाही. गुरूने टाकून दिलेल्या स्थिती काही वर्गांतून पुढेही भक्तिभावाने गिरवल्या गेल्या.

२० जानेवारी १९९१ रोजी बर्टा आणि कारेल या दोघांचाही एकाच दिवशी लंडनमध्ये मृत्यू झाला.

त्यांच्या पश्चात पद्धतीची कठोर तपासणी झाली. कारेल यांनी आधार मानलेला प्रतिक्षिप्त क्रियांचा सिद्धान्त मज्जाशास्त्रात मागे पडला. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या आढाव्यात एनडीटीच्या लाभाचा सातत्यपूर्ण पुरावा सापडला नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी तर पारंपरिक एनडीटीऐवजी मुलाने स्वतः ठरलेले काम पुन्हापुन्हा करण्यावर आधारित उपचारांना स्पष्ट पसंती दिली. पेला उचलायचा असेल, तर पेलाच उचलण्याचा सराव हवा, असा या नव्या विचाराचा रोख आहे. एनडीटीच्या समर्थकांच्या मते आजची पद्धत जुनी राहिलेली नाही, तिच्यातही हे बदल आले आहेत. हा वाद मिटलेला नाही, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन्ही बाजू वाचूनच मुलाला हात लावावा लागतो.