चार आठवड्यांची रजा

योहान सेबास्टियन बाख म्हटलं की विग घातलेला, जाडजूड, जरा रागीट म्हातारा डोळ्यांसमोर येतो. मला मात्र विशीतला बाख जास्त आवडतो. आपल्याच वयाचा, आणि अटेंडन्सच्या भानगडीत अडकलेला!

जन्म १६८५ चा, जर्मनीतल्या आयझेनाखचा. दहा वर्षांचा व्हायच्या आतच आईवडील दोघंही गेले. थोरल्या भावानं सांभाळलं. तेरा-चौदाव्या वर्षी त्यानं बुक्स्टेहुड या संगीतकाराची ऑर्गनवरची एक अवघड रचना हातानं उतरवून काढली. वायमारच्या ग्रंथालयातले ते कागद २००६ साली जगासमोर आले. झेरॉक्सवर जगणाऱ्या आपल्याला ती मेहनत काय कळणार!

१७०३ मध्ये आर्नश्टाटच्या चर्चमधला नवा ऑर्गन तपासायला त्याला बोलावलं. भाते, हवेचा दाब, नळ्यांच्या रांगा... म्हणजे आपल्या मेकॅनिकलवाल्यांचंच काम. पोरगा अठराचा. तिथेच नोकरीही लागली.

ऑक्टोबर १७०५ मध्ये त्यानं चार आठवड्यांची रजा काढली आणि ल्युबेकला निघाला. चारशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि तेही पायी! कारण तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये साक्षात बुक्स्टेहुड वाजवायचे. नाताळाआधीच्या काही रविवारी, दुपारची प्रार्थना आटोपली की ते चर्चमध्येच संगीताची संध्याकाळ रंगवत. खर्च व्यापारी उचलत, प्रवेश फुकट. त्या वर्षी २ आणि ३ डिसेंबरला खास बेत होता. सम्राट लिओपोल्ड वारला होता, जोसेफ गादीवर आला होता. म्हणून एक संध्याकाळ शोकाची, दुसरी गौरवाची. एका भागात तर पंचवीस व्हायोलिनं एकाच सुरात! आज त्याचे फक्त छापील शब्द उरलेत, संगीत हरवलं. मला याची फार हळहळ वाटते.

बाख परतला तो जवळजवळ चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या मंडळानं जाब विचारला. कलेतलं शिकायला गेलो होतो, बदली माणूस ठेवून गेलो होतो, एवढंच त्याचं म्हणणं. मंडळाची आणखी एक तक्रार होती: प्रार्थनागीतांच्या साथीत हा भलतेच सूर घुसडतो, गाणारे गोंधळून जातात. माझ्या मते ल्युबेकचा खरा पत्ता या तक्रारीतच लागतो.

नोकरी काही गेली नाही. १७०७ मध्ये त्यानंच ती सोडली. त्याच वर्षी बुक्स्टेहुड वारले. त्यांची जागा हवी असेल तर त्यांच्या मुलीशी लग्न करायचं, अशी अट होती म्हणे. बाखनं त्या ऑक्टोबरात लग्न केलं खरं, पण आपल्या नात्यातल्या मारिया बार्बराशी.