पॉल एर्लिख: नॅनो-औषधांच्या आधीचा 'जादूची गोळी'वाला डॉक्टर

डोकं दुखलं की आपण गोळी घेतो. ती रक्तातून अंगभर फिरते, गरज नाही तिथेही. डोकेदुखीत यानं फारसं बिघडत नाही. कॅन्सरच्या औषधात मात्र बिघडतं, कारण ते जवळपास विषच असतं. मग हे विष फक्त आजारी पेशींपर्यंत कसं न्यायचं? 'नॅनो' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हा एका जर्मन डॉक्टरनं यावर डोकं लावलं होतं.

पॉल एर्लिख १८५४ साली स्ट्रेलेन गावी जन्मला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. मेडिकलला असताना त्याला वेड होतं रंगांचं. कापडाचे रंग पेशींवर टाकायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं! त्यात त्याला दिसलं की एखादा रंग एका प्रकारच्या पेशीला धरतो आणि शेजारचीला सोडून देतो. मिथिलिन ब्लू तर जिवंत प्राण्याच्या मज्जातंतूंना जाऊन चिकटायचा. मग रंगासारखं विषही निवडून का चिकटू नये? १८९१ मध्ये त्यानं हाच निळा रंग मलेरियाच्या दोन रुग्णांना दिला आणि दोघांनाही गुण आला.

या कल्पनेला त्यानं 'जादूची गोळी' म्हटलं. मराठीत इथे गोंधळ होतो. ही गिळायची गोळी नाही, बंदुकीची. नेम धरून सुटणारी.

पुढे फ्रँकफर्टमध्ये त्याच्या टीमनं आर्सेनिकची शेकडो संयुगं तपासली. आधी बाजूला पडलेलं ६०६ नंबरचं संयुग सिफिलिसवर चालतं, हे १९०९ मध्ये जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी सशांवर दाखवलं. १९१० मध्ये ते साल्व्हार्सन नावानं बाजारात आलं. सिफिलिसवरचं पहिलं खरोखर परिणामकारक औषध!

पण नेम पक्का नव्हता. पावडरला हवा लागली की ती जास्त विषारी व्हायची, शिवाय इंजेक्शन बनवणंही किचकट. काही रुग्णांना गंभीर त्रास झाला, काही दगावले आणि एर्लिखवर जाहीर आरोप झाले. १९१२ मध्ये त्यानं विरघळायला सोपं निओसाल्व्हार्सन आणलं. १९१५ मध्ये तो गेला, वय ६१.

त्याच्याकडे विष होतं, ते वाहून न्यायला गाडी नव्हती. ती १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसली. काही स्निग्ध पदार्थ पाण्यात टाकले की आपोआप पोकळ, सूक्ष्म फुगे बनतात. हेच लायपोसोम. १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या डॉक्सिलमध्ये डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध अशाच, साधारण १०० नॅनोमीटरच्या फुग्यांत भरलेलं असतं. ट्यूमरच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे फुगे तिथे जास्त झिरपतात. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशीतले स्निग्ध नॅनोकण याच घराण्यातले. (आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोविशिल्ड मात्र यातली नाही.)

डॉक्सिलमुळे हृदयावरचा धोका बराच कमी झाला. पण फुगे त्वचेतही उतरतात, आणि काही रुग्णांच्या तळहातांची, तळपायांची कातडी सोलून निघते.