पंडिता रमाबाई

मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला होता. अशा दिवसांत एक ब्राह्मण कुटुंब तिकडच्या एका अरण्यात शिरले. दृष्टी अधू झालेले वृद्ध वडील, थकलेली आई, एक मुलगा आणि दोन मुली. गाठीचे द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानांत संपले होते. भीक मागण्याची लाज वाटे. अंगमेहनतीची कामे कधी केलेली नव्हती. अकरा दिवस त्या पाच जिवांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानफळे यांवर काढले. ज्या दैवतांची जन्मभर आराधना केली, त्यांपैकी कोणी तरी धावून येईल, ही आशा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पण कोणीही आले नाही. या कुटुंबातील धाकटी कन्या रमा तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान होते. स्त्रीने संस्कृत शिकणे हे त्या काळी पाप समजले जाई. तरीही शास्त्रीबुवांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ती विद्या दिली आणि लक्ष्मीबाईंनी भल्या पहाटे मांडीवर घेऊन ती रमेला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडत असे. १८७४ साली त्या दुष्काळातच वडील वारले, पाठोपाठ आई गेली आणि पुढे बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, देशभर पायी भटकत राहिली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने प्राण कासावीस झाले, तेव्हा अंगावर पांघरूण नसल्यामुळे दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत ती निजली आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी याच रमेला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. लोक तिच्या मुखातून पुराणे ऐकून थक्क होत; तिच्या मनातील देवघर मात्र रिकामे झाले होते. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला. परंतु १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचाही अंत झाला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ साली त्या वैद्यकाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते शिक्षण साधले नाही. पण समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथील ख्रिस्ती भगिनी पोटाशी धरतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे मन हेलावले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली.

येथून पुढे सारे सुखाचे झाले असेल, असे वाचकाला वाटेल. तसे झाले नाही. धर्म मिळाला, पण शांती मिळाली नाही. रमाबाईंची बुद्धी तर्ककठोर होती. गुरूने सांगितले म्हणून मानावे, हे त्यांना बालपणापासून ठाऊक नव्हते. वाँटेजच्या भगिनींशी त्यांनी धर्मतत्त्वांवर मोठे वाद घातले. प्रार्थना चाले, ग्रंथवाचन चाले. पण देव दूरच राहिला. ही स्थिती एकदोन नव्हे, तब्बल आठ वर्षे टिकली. या काळात त्यांनी हातातले काम मात्र सोडले नाही. अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी साहाय्य मिळविले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. १८९१ च्या सुमारास त्यांचे मन स्थिरावले. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताच्या हाती स्वतःला सोपविले नव्हते, असा त्यांनी स्वतःचा दोष काढला. दुसऱ्या कोणावर त्याचा बोल ठेवला नाही.

परीक्षा पुढेच होती. शारदासदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आक्षेप १८९३ साली आला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले व पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. आपल्या मुली ज्या विश्वासाने पाठविल्या, तो मोडला, असे पालकांना वाटणे स्वाभाविक होते. आपली प्रार्थना कोणापासून लपवावी, हे रमाबाईंना पटणे अशक्य होते.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. पूर्वीचे अरण्य रमाबाईंच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या शेतावर प्रथम राहुट्यांत व झोपड्यांत ठेवावे लागले. तेथेच ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या व संख्या दीड हजारांवर गेली. उद्याचे धान्य कोठून येणार, हे पुष्कळदा ठाऊक नसे. रमाबाई पहाटे उठून प्रार्थना करीत आणि मग कामाला लागत. विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना ही सारी कामे त्या मुलीच चालवीत. अंध स्त्रियांना मनोरमाबाई बोटांनी वाचायला शिकवीत.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ते कळावे, म्हणून एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द निवडून निवडून वगळले. बहिरेपणा वाढला होता, शरीर खचले होते. अशातच १९२१ साली, चाळीस वर्षांची मनोरमा वारली. आईवडील, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून ही शेवटची आप्त गेली. सोळाव्या वर्षी ज्या अरण्यात त्यांनी आकाशाकडे पाहिले होते, तसेच आकाश पुन्हा डोक्यावर होते. रमाबाईंनी छापखान्यातून आलेली मुद्रिते पुढे ओढली.

५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तिसदनाच्या मुलींनीच जुळविले होते.