आनंदीबाईंचे चरित्र वाचताना

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा डोळ्यांत भरला तो त्यांचा धीर. यंदा दिसले झिजणारे शरीर. जन्म १८६५, लग्न नवव्या वर्षी. पुढे तान्हे मूल दहा दिवसांत गेले. (गोपाळरावांचा हट्ट आपण सगळ्याजणी जाणतोच.) बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून १८८३ मध्ये त्या अमेरिकेस निघाल्या, तेव्हाही प्रकृती बरी नव्हतीच. फिलाडेल्फियाच्या थंडीत ती ढासळली. अभ्यास मात्र सुटला नाही. १८८६ मध्ये पदवी मिळाली, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. पण रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास क्षयाने त्यांना नेले.

पुस्तक संपले त्या दिवशी मीही अंगात ताप असताना मंडळाच्या शिवणवर्गाला निघाले होते. निघाले ती दवाखान्यात गेले. वर्ग आठवडाभर बंद राहिला. भगिनींनी क्षमा करावी.