अमेरिकेत 'जॉज' गर्दी खेचत होता, तेव्हा टीव्हीवर बातम्या वाचणारी स्मिता पाटील सिनेमात आली

१९७५ चा जून महिना. अमेरिकेत स्टीव्हन स्पीलबर्गचा 'जॉज' एकाच दिवशी चारशेहून जास्त थिएटरमध्ये लागला. शार्क माशाच्या या सिनेमाने इतका पैसा कमावला की हॉलिवूडचं गणितच बदललं. त्यानंतर दोन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, आपल्याकडे 'शोले' आला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे.

पण १९७५ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. याच वर्षी जेमतेम वीस वर्षांची एक सावळी मराठी मुलगी पडद्यावर आली. तिने अभिनयाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं, तिला सिनेमात यायचंही नव्हतं.

तिचं नाव स्मिता पाटील.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव पाटील मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले, समाजवादी विचारांचे, पुढे राज्यात मंत्रीही झाले. आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. घरात चळवळीचं वातावरण, त्यामुळे लहानपणीच राष्ट्र सेवा दलाशी नातं जुळलं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे स्मिता तिथे मराठी बातम्या वाचायला लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा आजही सांगितला जातो. तिचा आवाज आणि कपाळावरची मोठी टिकली लोकांच्या लक्षात राहिली.

ज्यांच्या लक्षात राहिली त्यात एक होते श्याम बेनेगल.

बेनेगल यांचा 'अंकुर' नुकताच गाजला होता. त्यांनी स्मिताला आधी 'चरणदास चोर' या बालचित्रपटात घेतलं. छत्तीसगडमध्ये शूटिंग झालं. ही मुलगी कॅमेऱ्याला बिचकत नाही हे तिथे कळलं आणि लगेच 'निशांत' मिळाला.

आता जरा अमेरिकेत काय चाललं होतं ते बघू

साठच्या दशकाच्या शेवटी हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ तोट्यात होते. तरुण प्रेक्षक थिएटरकडे फिरकत नव्हता. मग नाइलाजाने स्टुडिओंनी तरुण दिग्दर्शकांच्या हातात पैसा दिला. कपोला, स्कॉर्सेसी, ऑल्टमन ही नावं त्यातूनच पुढे आली. सिनेमा सेटवरून रस्त्यावर आला. हिरो देखणाच असावा, शेवट गोडच असावा, हा नियम मोडला.

भारतात हेच वेगळ्या वाटेने घडत होतं. सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने नव्या दिग्दर्शकांना कर्ज द्यायला सुरुवात केली होती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेली पोरं बाहेर पडत होती. समांतर सिनेमा म्हणतात तो हाच.

या दोन वाटा १९७६ मध्ये कान महोत्सवात एकत्र आल्या. स्पर्धेत 'निशांत' होता आणि स्कॉर्सेसीचा 'टॅक्सी ड्रायव्हर'सुद्धा. सर्वोच्च पुरस्कार 'टॅक्सी ड्रायव्हर'ला मिळाला.

'निशांत'ची गोष्ट १९४५ च्या तेलंगणातली. गावचे जमीनदार शाळामास्तरच्या बायकोला उचलून नेतात आणि अख्खं गाव गप्प बसतं. पटकथा विजय तेंडुलकरांची. तेलंगणा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि आपलं जालनाही त्याच संस्थानात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. त्या राजवटीच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्यात, त्यांना हा सिनेमा परका वाटणार नाही.

यात पळवून नेलेल्या बाईचं काम शबाना आझमी यांचं, तर स्मिता जमीनदाराच्या धाकट्या भावाची बायको. तिला संवाद कमी आहेत. आपल्याच घरात चाललेला अन्याय बघणारी आणि स्वतःही त्याच घरात अडकलेली ही बाई तिने बहुतेक डोळ्यांनीच उभी केली.

त्याच वर्षी जब्बार पटेल यांचा पहिला सिनेमा 'सामना' आला. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव म्हणजे निळू फुले, त्याला प्रश्न विचारणारा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. कमळीच्या छोट्या भूमिकेत स्मिता. हा सिनेमा बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेला.

पाच लाख निर्माते

१९७६ मध्ये 'मंथन' आला. त्याला पैसा दिला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, प्रत्येकी दोन रुपये. सिनेमा लागल्यावर हेच शेतकरी आपला सिनेमा बघायला ट्रक भरभरून आले.

यात स्मिता होती बिंदू, गावातली दूध घालणारी बाई. शूटिंगच्या वेळचा एक किस्सा सांगतात. बघायला आलेल्या लोकांनी हिरॉईन कुठंय म्हणून विचारलं. ती समोरच गावातल्या बायकांमध्ये बसली होती, पण कुणाला ओळखू आली नाही.

तोपर्यंत हिरॉईन म्हणजे गोरी, नटलेली, गर्दीतून उठून दिसणारी. स्मिताने हे गणितच उलटं केलं. ती आधी गर्दीत मिसळली आणि मग लोकांना तिच्यावरून नजर हटवता आली नाही.

'भूमिका' आणि घराबाहेर पडलेली बाई

१९७४ मध्ये स्कॉर्सेसीनेच एक वेगळा सिनेमा केला होता, 'अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोर'. नवरा गेल्यावर पोराला घेऊन, गायिका व्हायचं म्हणून घर सोडणाऱ्या बाईची ती गोष्ट. त्यासाठी एलन बर्स्टिनला ऑस्कर मिळालं.

१९७७ मध्ये आलेल्या 'भूमिका'त तोच प्रश्न होता, पण कितीतरी कडू. हा सिनेमा मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला. नायिका उषा कमावती आहे, पण पैसा नवऱ्याच्या हातात. ती घर सोडते. ज्याच्याकडे आधार शोधते, त्याच्या वाड्यात तिला उंबरा ओलांडायची मुभा नाही. सुटका करून घ्यायला शेवटी त्याच नवऱ्याला बोलवावं लागतं.

अल्लड मुलीपासून थकलेल्या प्रौढ नटीपर्यंतचा प्रवास स्मिताने एकविशी-बाविशीत केला. त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी 'जैत रे जैत'मध्ये ती ठाकर समाजातली चिंधी झाली. संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं आणि गाणी आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या पळसखेड्याचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांची.

मग वारं फिरलं

१९७७ मध्येच अमेरिकेत 'स्टार वॉर्स' आला. आता स्टुडिओंना 'जॉज'सारखाच पैसा हवा होता. तरुण दिग्दर्शकांना मिळालेली मोकळीक हळूहळू आटत गेली.

आपल्याकडेही छोट्या सिनेमांना थिएटर मिळणं कायम अवघडच राहिलं. १९८२ मध्ये स्मिता 'नमक हलाल' आणि 'शक्ती'मध्ये अमिताभ बच्चन यांच्यासोबत दिसली. पण तिने दुसरी वाट सोडली नाही. झोपडपट्टीतल्या बाईची गोष्ट सांगणाऱ्या 'चक्र'साठी तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. १९८२ मध्येच 'उंबरठा' आला. महिलाश्रमात नोकरी करण्यासाठी घर सोडणारी सुलभा महाजन मराठी घराघरांत वादाचा विषय झाली. बाईने घर सोडलं तर चूक कुणाची, हा 'भूमिका'तला प्रश्न तिने पुन्हा विचारला होता. १९८५ मध्ये तिला पद्मश्री मिळाली.

२८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतर प्रकृती बिघडली आणि १३ डिसेंबरला ती गेली. वय फक्त ३१. गावच्या सुभेदाराला नकार देणाऱ्या बाईचं 'मिर्च मसाला'मधलं तिचं गाजलेलं काम लोकांनी बघितलं ते ती गेल्यानंतर.

२०२४ मध्ये नव्याने दुरुस्त केलेली 'मंथन'ची प्रिंट कान महोत्सवात दाखवली गेली. शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून झालेला तो सिनेमा बघायला स्मिताचा मुलगा प्रतीक तिथे हजर होता. आईला पडद्यावरच ओळखणाऱ्या त्या मुलासमोर बिंदू पुन्हा एकदा दूध घालायला निघाली होती.