फादर स्टीफन्स आणि मराठी अक्षरें

युरोपच्या इतिहासांत ज्यास विद्येचें पुनरुज्जीवन म्हणतात, त्या काळाचा धडा वाचीत असतां आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा लिओनार्दो, मायकेल अँजेलो आणि राफाएल यांचीं चित्रें उभीं राहतात. तीं राहावींत हें योग्यच आहे. परंतु त्या काळचे पंडित रंग आणि संगमरवर यांइतकेच शब्दांचेहि भक्त होते. धूळ खात पडलेल्या ग्रीक व लॅटिन पोथ्या शोधून काढाव्या, एक प्रत दुसरीशीं ताडून पाहावी, भाषेचें व्याकरण मुळापासून शिकावें, आणि हातीं लागेल तें ज्ञान छापून सर्वांपुढें ठेवावें, असा त्यांचा क्रम होता. या शिस्तींत वाढलेला एक इंग्रज तरुण गोव्यास आला आणि मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचून गेला. त्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या राज्यांत रोमन कॅथॉलिक पंथाच्या लोकांस आपला धर्म उघडपणें पाळणें कठीण झालें होतें. थॉमस पौंड नांवाच्या मित्रासह रोमास जावें असा स्टीफन्स यांचा बेत होता; पण मित्र पकडला जाऊन तुरुंगांत पडला आणि त्यांस एकट्यानेंच जावें लागलें. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं ते रोम येथें येशूसंघांत दाखल झाले. मायकेल अँजेलो निवर्तून तेव्हां अकराच वर्षें झालीं होतीं, आणि त्यानें आंखलेला सेंट पीटरच्या मंदिराचा घुमट अजून अपुरा होता. ज्या रोमन कॉलेजांत स्टीफन्स शिकले, तेथल्याच क्लाव्हिअस या गणितज्ञाचा १५८२ च्या पंचांगसुधारणेंत मोठा हात होता.

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघालेलें त्यांचें गलबत २४ ऑक्टोबरला गोव्यास लागलें. पोंचल्यावर थोड्याच दिवसांनीं त्यांनीं वडिलांस एक लांबलचक पत्र लिहिलें. त्यांत भक्तीपेक्षां निरीक्षणच अधिक आहे : होकायंत्राची सुई कोठें किती ढळते, समुद्रावर पूर्वपश्चिम अंतर मोजणें किती अवघड, उडणारे मासे कसे दिसतात, आणि हिरड्या सुजवणाऱ्या रोगानें दीडशेंहून अधिक उतारू आजारी पडून सत्तावीस कसे दगावले. पाहिलें तें जसेंच्या तसें टिपून ठेवण्याची ही संवय त्या काळाचीच देणगी होय.

पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांत, मुख्यतः साष्टी प्रांतांत, काढलीं. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशीं नातें सांगणारी आहे असा अभिप्राय दिला. फ्लॉरेन्सचा सास्सेत्ती नांवाचा व्यापारीहि त्याच सुमारास गोव्यांत असून त्यास संस्कृत व इटालियन शब्दांतील साम्य दिसलें होतें. सर विल्यम जोन्स यांनीं हेंच प्रमेय कलकत्त्यास जगापुढें मांडलें तें १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं.

त्याच १५८३ सालच्या अखेरीस गोव्याच्या तुरुंगांत कांहीं इंग्रज व्यापारी पडले होते. त्यांच्या सुटकेसाठीं स्टीफन्स यांनीं रदबदली केली. त्यांपैकीं राल्फ फिच हा पुढें गोव्याहून निसटला आणि फिरत फिरत तापीकांठच्या बऱ्हाणपुरास आला. बऱ्हाणपूर त्या वेळीं खानदेशची राजधानी होतें. तेथलेंच पाणी वाहत पुढें आपल्या प्रकाशें गांवावरून जातें, एवढाच काय तो स्टीफन्स यांचा आपल्या नंदुरबार जिल्ह्याशीं दुरून लागणारा धागा.

दुसरा एक योगायोग आम्हांस याहून मोलाचा वाटतो. शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, पैठणास एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा पाठ शुद्ध केला. इटलींतील पंडित जुन्या पोथ्यांवर जे श्रम करीत, तेच श्रम त्यांचें नांवहि न ऐकलेला एक मराठी सत्पुरुष गोदातीरीं करीत होता. आणि त्याच वेळीं साष्टींत एक इंग्रज त्याच ओवीचे धडे गिरवीत होता.

येथें एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पोर्तुगीज सत्तेनें १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडलीं होतीं. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें लोकांनीं पांच जेझुइटांस ठार केलें, आणि पुढें सत्तेनें तेथील मुखियांचे प्राण घेऊन सूड उगविला. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांस आपलीं जुनीं पुराणें वाचण्याची बंदी होती. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या पुराण ऐकलें जात असे, तेथें संध्याकाळीं ऐकावें काय? स्टीफन्स यांच्या ग्रंथांतच असा प्रसंग आहे, कीं एका ब्राह्मण ख्रिस्ती श्रोत्यानें, जुनें वर्ज्य केलेंत तर त्याच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं, असा प्रश्न केला. ग्रंथाचें कारण हा प्रश्न. ज्या सत्तेच्या छायेंत स्टीफन्स वावरले, तिनेंच ती पोकळी निर्माण केली होती, हें आम्ही नाकारीत नाहीं.

तो ग्रंथ म्हणजे १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें ख्रिस्तपुराण. त्याचे दोन भाग असून एकंदर पंचाण्णव अवस्वरु, म्हणजे अध्याय, आहेत. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यांत येशूचें चरित्र. छंद ओवीचा, स्वर्गास शब्द वैकुंठ, मधूनमधून कोंकणीची झांक. आरंभीं मराठी भाषेची जी स्तुति आहे, तींत फुलें, सुगंध, पक्षी आणि वृक्ष यांतील श्रेष्ठांच्या उपमा एकामागून एक येतात. परक्या माणसानें इतकें प्रेम केलेलें पाहून वाचकास क्षणभर संकोच वाटतो.

आणि तरीहि हा ग्रंथ मराठी अक्षरांत छापला गेला नाहीं. गोव्यांत मुद्रणयंत्र १५५६ सालींच आलें होतें. खिळे मात्र रोमन अक्षरांचे. १६०८ मध्यें स्टीफन्स यांनीं रोम येथील आपल्या वरिष्ठांस लिहिलें, कीं या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापलेलीं पाहावीं अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. अडचणहि त्यांनींच सांगितली : युरोपांत चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथें सहाशें लागतील. क, का, कि, क्र, क्त असें मोजूं लागलें म्हणजे हा आंकडा कोठून आला तें पहिलीच्या मुलासहि कळेल. खिळे त्यांस मिळाले नाहींत. शेवटीं रोमन लिपींतच भागवावें लागलें, आणि ट, ड, ण, ळ यांसाठीं एकच रोमन अक्षर दोनदां लिहिण्याची युक्ति करावी लागली. आजकाल मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां वाट शब्द लिहून पाहावा आणि वात कोणती, वाट कोणती तें सांगावें. निदान स्टीफन्स यांनीं तो घोळ होऊं दिला नाहीं.

पुराण त्यांनीं ग्रंथांच्या मराठींत रचलें, परंतु साष्टींतील बायामुलें चुलीपाशीं जी कोंकणी बोलत ती कमी प्रतीची मानली नाहीं. तींत त्यांनीं धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी लिहिली व तिचें व्याकरण रचलें. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं अहिराणी, भिली, मावची, पावरी किंवा गुजरी बोलली जाते, आणि शाळेच्या पुस्तकांतील मराठी त्यांस नव्यानें शिकावी लागते. घरची बोली मुलाच्या अभ्यासास आड येते अशी चिंता कांहीं पालक आम्हांपाशीं बोलून दाखवितात. स्टीफन्स दोन्ही भाषा मोठेपणीं शिकले. एकीनें दुसरीचें कांहीं नुकसान केल्याचें त्यांच्या ग्रंथांत आम्हांस आढळत नाहीं.

१६१९ सालीं गोव्यांत त्यांचा अंत झाला. प्रश्नोत्तरी १६२२ त व व्याकरण १६४० त रायतुरास छापलें गेलें. पुराणाच्या १६४९ व १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध फर्मान काढलें. छापील तिन्ही आवृत्त्यांची आज एकहि प्रत उपलब्ध नाहीं. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, म्हणून ग्रंथ वांचला. त्यांवरून १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं मंगळुरास आवृत्ति काढली, तीहि रोमन लिपींत. देवनागरींत लिहिलेली एक प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहांत जस्टिन ॲबट यांस सांपडली. सरतेशेवटीं १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास ख्रिस्तपुराण देवनागरींत छापून प्रसिद्ध केलें. खिळ्यांसाठीं लिहिलेल्या त्या पत्रास तेव्हां तीनशें अठ्ठेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं.