गोविंद सखाराम सरदेसाई

गोविंद सखाराम सरदेसाई (१७ मे १८६५ – २९ नोव्हेंबर १९५९) हे मराठी इतिहासकार होते. 'मराठी रियासत' या ग्रंथमालेमुळे ते 'रियासतकार' म्हणून ओळखले जातात. मराठेशाहीतील घराण्यांच्या वंशावळी जुळवण्याचे त्यांचे काम त्यामानाने कमी परिचित आहे. 'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' हा त्यांचा उतारवयातील ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो.

बडोद्यातील सेवा

सरदेसायांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात झाला. पदवी घेतल्यानंतर १८८९ साली ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे ही त्यांची मुख्य कामे होती. या वाचनाच्या व अध्यापनाच्या टिपणांतूनच पुढे 'रियासत' उभी राहिली. 'मुसलमानी रियासत' १८९८ साली प्रसिद्ध झाली, तर 'मराठी रियासती'चे प्रकाशन १९०२ पासून सुरू झाले.

ज्या धन्याची सेवा त्यांनी केली, तो स्वतः वंशावळीच्या बळावर गादीवर आला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव या शेतकरी कुटुंबातील मुलाला दत्तक घेतले. त्याचे कुटुंब गायकवाडांच्याच एका शाखेतील होते, म्हणूनच ही निवड होऊ शकली. तोच मुलगा पुढे सयाजीराव झाला.

वंशावळींचे काम

युरोपातील घराण्यांचा शोध घेणाऱ्याला, उदाहरणार्थ पोलंडमधील एखाद्या कुटुंबाच्या अभ्यासकाला, चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांचा आधार मिळतो. महाराष्ट्रात अशा सलग नोंदी नव्हत्या. येथे माहिती मिळे ती वतनाच्या तंट्यांतील करीन्यांतून, इनामांच्या कैफियतींतून, सनदांतून आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून. यांपैकी पुष्कळ कागद हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेले होते. त्यामुळे ज्याचा हिस्सा नाकारायचा, त्या भाऊबंदाची शाखा त्यांत गळण्याचा संभव असे. मुली व सुना यांची नावे तर बहुधा नसतच.

दुसरी अडचण नावांच्या पुनरावृत्तीची. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रीतीमुळे पेशव्यांच्या घराण्यात बाळाजी दोन आणि बाजीरावही दोन. भोसले कुळात शिवाजी महाराजांचे वडील बंधू संभाजी, पुत्र संभाजी आणि राजारामांचे पुत्र, कोल्हापूरचे संभाजी असे तिघे थोड्याच पिढ्यांत येतात. पत्रावर नुसते नाव आणि अपुरी तिथी असली, तर ते कोणत्या पिढीचे हे वंशावळ पाहिल्याशिवाय ठरत नाही. सरदेसायांना वंशावळीची गरज प्रथम भासली ती याच कारणासाठी.

दत्तकामुळे गुंता आणखी वाढे. याचे ठळक उदाहरण शिंदे घराणे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीगोंदे व जामगाव या गावांशी या घराण्याचा निकट संबंध होता. महादजींना पुत्र नव्हता. त्यांच्यामागे गादीवर आलेले दौलतराव हे त्यांचे बंधू तुकोजी यांचे नातू. दौलतरावही १८२७ साली निपुत्रिक वारले, तेव्हा बायजाबाईंनी दत्तक घेतलेला मुकुटराव जनकोजीराव झाला आणि १८४३ साली त्याच्यामागे आलेला भगीरथराव जयाजीराव झाला. दत्तकाबरोबर नावही बदलत असल्याने एकच माणूस कागदांत दोन ठिकाणी दोन माणसे होऊन बसतो. त्याच जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या सासरी, होळकरांकडेही, मल्हाररावांची सरळ पुत्रशाखा नातू मालेरावाबरोबर १७६७ साली संपली.

अशा नोंदींना केवळ हौसेचे मोल नव्हते. १८४८ साली सातारच्या गादीचे दत्तविधान कंपनी सरकारने नाकारले आणि राज्य खालसा केले.

पेशवे दप्तर

१९२५ साली सरदेसाई बडोद्यातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र श्यामकांत तरुण वयात वारले. श्यामकांत शांतिनिकेतनात शिकले होते आणि उच्च शिक्षणासाठी जर्मनीस गेले होते. त्यांचा पत्रव्यवहार पुढे 'श्यामकांतची पत्रे' या नावाने प्रसिद्ध झाला. सरदेसायांचे दोन्ही मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. इतरांच्या घराण्यांचे वंशवृक्ष जुळवण्याचे पुष्कळसे काम त्यांनी त्यानंतर केले.

पुण्यातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल होते. त्यांतून निवड करून संपादन करण्याची जबाबदारी सरकारने सरदेसायांवर सोपवली. इतिहासकार जदुनाथ सरकार यांचे पाठबळ या कामी मोलाचे ठरले. १९३० पासून अवघ्या काही वर्षांत ४५ खंड बाहेर पडले. या वेगामुळे निवडीबाबत आक्षेप घेण्यात आले, आणि ते सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाहीत. तथापि संशोधकांना दप्तराची वाट या खंडांनीच मोकळी करून दिली, हेही तितकेच खरे.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर सरदेसाई इंद्रायणीकाठी कामशेत येथे राहिले. नवी साधने हाती येताच जुने लेखन दुरुस्त करण्याचा त्यांचा परिपाठ होता, त्यामुळे 'रियासती'च्या आवृत्त्यांत पुष्कळ फेरफार आढळतो. १९४६ ते १९४८ या काळात त्यांचा मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातही प्रकरणांच्या आरंभी कालपट दिलेले आहेत.

'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' या ग्रंथात छत्रपती, पेशवे, सरदार व मुत्सद्दी यांची घराणी एकत्र आली. कथनाला येथे जवळजवळ वाव नाही. नावे, नाती आणि जेथे मिळाली तेथे साले, एवढाच ऐवज आहे. 'रियासती'च्या ओघवत्या निवेदनाची सवय असलेल्या वाचकाला तो रूक्ष वाटतो, मात्र मोडी पत्रातील एखादा अनोळखी 'राव' कोण हे शोधताना त्याचा उपयोग कळतो.

१९५७ साली भारत सरकारने सरदेसायांना पद्मभूषण देऊन गौरवले. दोन वर्षांनी, वयाच्या ९४ व्या वर्षी, कामशेत येथे त्यांचे निधन झाले. 'मराठी रियासत' पुढे स. मा. गर्गे यांच्या संपादनाखाली आठ खंडांत पुन्हा प्रकाशित झाली.